खरखर जायची, आवाज यायचा नाही

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे धारवाडला मळमड्डीत आमच्या गल्लीला पाठ होतं. लग्न होऊन हुबळीत उणकलला आले, तेव्हा सासरच्यांनाही महिन्याभरात कळलं. पण त्या पावसाळ्यात मी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कधी चिडले नसेन, आणि तेही एका लोखंडी डब्यावर.

डबा म्हणजे वायरलेस सेट. कुठल्याशा कारखान्याच्या जीपमधून भंगारात निघालेले दोन सेट अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मिळवले होते. त्यांची सगळी नोकरी सरकारी वायरलेसमध्ये गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी हौस म्हणून वायरलेसवर बोलणाऱ्यांना मिळतं ते लायसन काढलं आणि मलाही परीक्षेला बसवलं. मग दोन्ही सेटांचे क्रिस्टल बदलून, आतल्या कॉइली फिरवून त्यांनी ते हौशींच्या फ्रिक्वेन्सीवर आणले. एक धारवाडला त्यांच्या टेबलावर राहिला, दुसरा माझ्याकडं आला.

आम्हाला मात्र त्यात हौस कमी आणि गरज जास्त होती. आई गेल्यापासून अप्पा घरात एकटे. फोनसाठी दोन्ही घरांनी नावं नोंदवली होती आणि दोन्ही घरं वर्षानुवर्षं वाट बघत होती. रोज सकाळी सात वाजता अप्पांचा आवाज आला की ते उठलेत, धड आहेत, एवढं कळायचं आणि मी शाळेत शिकवायला जायला मोकळी व्हायचे. बोलणं काय, तर पाऊस, भाजी, ब्लडप्रेशरची गोळी. चार मिनिटं झाली की अप्पा कानडीत ‘साकु’, म्हणजे पुरे, म्हणून बंद करायचे.

श्रावणात तो आवाज बारीक व्हायला लागला. आधी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा, मग स्पीकरला कान लावून ऐकावा लागेल इतका. माझं त्यांना नीट पोचत होतं. मी विचारलं की ते दोनदा बटण दाबून ‘हो’ सांगायचे. त्यांना माझं येतंय आणि मला त्यांचं येत नाही, म्हणजे बिघाड माझ्याच रिसीव्हरमध्ये, असा मी हिशेब केला.

रविवारी बसनं धारवाडला गेले. अप्पांचा घसा बसला होता. त्या पावसात अर्ध्या धारवाडचा बसतो.

“मी बटण दाबलं की तुझ्याकडची खरखर जाते का?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“जाते की. खरखर जाते, पण तुम्ही येत नाही.”

अप्पांनी टेबलावरचा कागद पुढं ओढला. मग पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून दिली, रिसीव्हरचा पहिला ट्रान्झिस्टर बदल. दुरुस्ती तोंडी सांगायची नाही, कागदावर द्यायची, ही त्यांची नोकरीतली शिस्त. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ट्रान्झिस्टर बदलला. बोट भाजून घेतलं, आवाज जिथल्या तिथं. मग अप्पांचं कार्ड आलं, अँटेनाची केबल बदल. आमचे हे भर पावसात गच्चीवर चढले, खाली उतरून आठ दिवस शिंकत बसले. फरक शून्य. पुढच्या कार्डात कॉइली होत्या. एकेक कॉइल पाव पाव आटा फिरवत मी अख्खी सुट्टी घालवली आणि तिसरीचा गाभा माझ्या हातानं मोडला. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू. नवा गाभा बसवला, जुन्या रेडिओचा स्पीकर काढून जोडला, आणि सात वाजता पुन्हा तेच. खरखर गेली, त्यामागं कुठंतरी मुंगी चालल्यासारखं काहीतरी, आणि परत खरखर.

“तो डबा एकदा उणकलच्या तळ्यात बुडवून ये,” हे म्हणाले, “म्हणजे तुझं डोकं तरी थंड होईल.”

मला हसू आलं नाही. रोज मी उपाशीपोटी त्या डब्यासमोर बसून वडिलांवर ओरडत होते. “अप्पा, जरा तोंड उघडून बोला. विडा धरलाय का तोंडात? मला सगळी कामं टाकून हेच करायचंय का?” तिकडून दोनदा बटण दाबलं जायचं. एवढ्यावर मी शाळेत जायचे, आणि वर्गात मुलींवर राग काढायचे.

हुबळीतच दाजीबानपेठेत एक कापडवाले होते, त्यांच्याकडंही लायसन होतं. एका सकाळी मी अशीच ओरडत असताना ते सेटवर मध्ये आले. “अक्का, माफ करा, मधेच बोलतो.” आवाज एवढा दणदणीत की हे दाढीचा ब्रश घेऊन बाहेर आले. “अप्पांचा सिग्नल माझ्याकडं कडक येतोय. पण त्यात बोलणंच नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला. सायन्स शिकवणारी बाई मी. सिग्नल दुबळा असता तर खरखर राहिली असती. ती जात होती, म्हणजे माझा सेट पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, दोन महिने. आणि एवढी साधी गोष्ट अप्पांना कळू नये? नक्की त्यांचा माइक गेला असणार. रविवारी माझा माइक पिशवीत घालून मी धारवाडला निघाले. कापडवाल्यांना त्या वेळी सेटवर थांबायला सांगितलं होतं.

अप्पांना तोंड उघडायची सवड न देता मी त्यांच्या सेटला माझा माइक लावला आणि बोलले. “फर्स्टक्लास, अक्का,” कापडवाले म्हणाले. मग अप्पांचा जुना माइक लावून बोलले. “हाही फर्स्टक्लास.” माझं डोकंच फिरलं. माइक बरा, सेट बरा, मग राहिलं काय?

“आता तुम्ही बोला,” मी माइक अप्पांच्या हातात दिला आणि सिग्नल जातोय का ते दाखवणाऱ्या सेटच्या सुईवर डोळे लावले. सुई छान वर गेली. खोलीत मात्र सगळं शांत. “बोला की,” म्हणत मी वळले.

अप्पा बोलत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, ओठ हलत होते आणि घशातून नुसती हवा येत होती. त्यांचं बोट बटणावरून निघालं तसे कापडवाले म्हणाले, “अक्का, बटण दाबलं होतं, पण कुणी बोललं नाही.”

मी सेट बंद केला. कधीपासून म्हणून विचारलं, तर अप्पांनी कागदावर ‘ज्येष्ठ’ लिहिलं. डॉक्टरला दाखवलं का, तर मान हलवून नाही म्हणाले. मला संताप आवरेना. “खरखर जाते म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचा जन्म यात गेला. तेव्हा कळलं नव्हतं तुम्हाला?”

अप्पांनी परत पेन्सिल उचलली, मग खाली ठेवली. माझं मनगट धरून मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणलं.

“कळलं होतं,” ते म्हणाले. “पण तू म्हणालीस, सेट बिघडलाय. म्हटलं, सेटच असला तर बरं.”