एकतिसाव्या पानावरचा मासा

आमच्या एनिड ट्रेव्हेलाने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी खून केला, तोही आमच्याच वाचनालयात. कागदावर केला म्हणून काय झालं! तिची वही वाचताना मी दोनदा उठून दाराची कडी तपासली होती.

एनिड म्हणजे तीस वर्षं बेकरीत पाव भाजलेली बाई. पेनरोझ क्रीकचं हे वाचनालय सोन्याच्या खाणीतल्या मजुरांनी बांधलं. आता खाणही नाही, मजूरही नाहीत. उरलाय तो लोखंडी गोल जिना, छतात धावणारे मांजराएवढे पॉसम प्राणी आणि दर बुधवारी दार उघडणाऱ्या आम्ही दोघी. असल्या जागेत बसून हिने कादंबरी लिहिली, छापून घेतली आणि वर लेखक म्हणून कुठल्याशा पुरुषाचं खोटं नाव टाकलं.

का, तर कॉलिन प्रिस्कसाठी. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा, मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेलेला. रहस्यकथांचा फडशा पाडतो आणि अर्ध्यावरच खुनी ओळखून आमच्यासमोर मिरवतो.

"माझं नाव दिसलं तर तो गोड बोलेल," एनिड म्हणाली. "मला गोड नकोय. त्याने खुनी ओळखला, तर दुसऱ्या कादंबरीची वही शेकोटीत."

आणि ही बाई बोलते ते करते!

बुधवारी कॉलिन ते पुस्तक घेऊन गेला. आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या नाचलो. मग एनिड मटकन खुर्चीत बसली.

"अगं, एकतिसाव्या पानावर मी मासा काढलाय!"

इथल्या जुन्या वाचकांची ही खोडच आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून जो तो एकतिसाव्या पानावर पेन्सिलीने बारीकशी खूण करून ठेवतो. एनिडचा मासा, कॉलिनची फुली, माझा चहाचा कप. नवं पुस्तक मात्र सभासदांच्या आधी आम्ही वाचायचं नाही, हा नियम. एनिडने छापून आलेली प्रत हौसेने वाचली आणि सवयीने हात चालला. कोऱ्या पुस्तकात मासा, म्हणजे लिहिणारी कोण ते कॉलिनला लगेच कळणार!

"अक्कल काय भट्टीत विसरलीस?" मी ओरडले. तो आठवडा आम्हा दोघींचाही नीट गेला नाही.

पुढच्या बुधवारी कॉलिन आमच्या आधी दारात हजर. त्याने पुस्तक टेबलावर आदळलं.

"मासा पाहिला," तो म्हणाला. "पहिला चहा संपायच्या आत. मग चष्मा पुसून तुझ्या चुकाच शोधायला बसलो. केवढे गं ते स्वल्पविराम!"

एनिडचा चेहरा पडला.

"आणि खुनी?" मला राहवेना.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "डॉक्टर वाटला होता," तो पुटपुटला. "शेवटपर्यंत डॉक्टरच."

मला आनंदाने किंचाळावंसं वाटलं. पण एनिड ढिम्म. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस तू."

"मी? बरं वाटावं म्हणून? काहीतरीच! दुसरं पुस्तक दे."

"रहस्यकथा मागच्या खोलीत आहेत. जा, घे."

एनिडच्या कादंबरीतलं प्रेत त्याच खोलीत सापडतं. कॉलिन दारापर्यंत गेला. आत डोकावला. तसाच मागे फिरला आणि येऊन माझ्या पाठीशी उभा राहिला.

"तूच आण गं," तो एनिडला म्हणाला. "आणि आधी दिवा लाव."