समोरच्या काकांची कबुली

वारज्यात आमच्या समोर राहणारे काका मोजकं आणि खोचक बोलायचे. प्रोस्टेट वाढल्यानं त्यांची झोप उडाली होती, पण प्रकृतीची चौकशी केली की विषय बदलायचे. शेवटी आयटीत असलेल्या मुलीनंच रोबोटिक शस्त्रक्रिया ठरवली.

आदल्या दिवशी मी रुग्णालयात भेटायला गेलो, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे आजोबा सुनेसमोर डॉक्टरांना काहीच सांगेनात. काका थकलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, माझी तर भर बसमध्ये पँट ओली झाली होती. सांगून टाका."

आजोबा हळूहळू बोलू लागले. उशाशी बसलेली काकांची मुलगी मात्र बसमधलं हे प्रथमच ऐकत होती. तिनं काकांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

काकांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मला म्हणाले, "आपण निघालात तरी चालेल."