ठोकळ्यांचा घुमट

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. नाव पडलं होतं चेष्टेत. तरुणपणी एकदा फोरमनने त्याच्या जॉबला माप लावून "चालेल" म्हटलं, तर या गड्याने तो जॉब हातातून काढून घेतला आणि विचारलं, "चालेल म्हणजे काय? बसेल का ते सांगा." त्या दिवसापासून तो मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढे फोरमन बदलले, मालकाच्या खुर्चीत मालकाचा मुलगा येऊन बसला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शेजारच्या मिलिंग मशीनवरचा त्याचा मित्र तर त्याच्या बायकोलाही तोंडावर मायक्रॉनवहिनी म्हणायचा, आणि तिलाही त्याची सवय झाली होती.

लेथचं काम म्हणजे गोलाचं काम. लोखंडाचा दांडा चकमध्ये आवळायचा, फिरवायचा आणि हत्यार टेकवून नको असलेलं लोखंड काढत जायचं. उरतं ते गोल. मायक्रॉनचा सगळा जन्म या उरलेल्या गोलावर गेला होता. शाफ्ट, बुश, पुली, जे काही फिरतं ते त्याच्या हाताखालून गेलेलं. आणि आता तोच हात थरथरायला लागला होता.

टेकलेला असला की उजवा हात बराच शांत राहायचा. पण उचलून काही धरलं, मग ती वाटी असो की जाडी मोजायचा मायक्रोमीटर, की अंगठ्यापासून मनगटापर्यंत बारीक कंप सुटायचा. सुरुवातीला त्याने झोपेवर ढकललं, मग चहावर, मग नव्या चष्म्यावर. घरी त्याने एक शब्द काढला नाही. कप डाव्या हाताने उचलायला लागला आणि कोणी विचारलंच तर सांगायचं म्हणून खांदा दुखतो हे कारण तयार ठेवलं. कोणी विचारलं नाही.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. तिथे ती कसल्याशा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची. म्हणजे माझंच काम, फक्त कपडे स्वच्छ राहतात, असं तो लोकांना सांगायचा. फोनवर मात्र बाप-लेकीचं काही जमायचं नाही. जेवलीस का, हो, तुम्ही जेवलात का, हो, दे आईला. तिनेच शेवटी तोडगा काढला. सुट्टीला आली तेव्हा स्वतःचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली आणि त्यात ठोकळ्यांचा एक गेम टाकून दिला. दोघांनी एकाच जगात शिरायचं, आपापला माणूस चालवायचा, एकावर एक ठोकळे रचून हवं ते बांधायचं. फोन स्पीकरवर बाजूला ठेवायचा. हात कामात असले की बाबा बोलतात, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं.

पहिल्या रविवारी त्याने ते जग नीट निरखून पाहिलं. डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, ढग चौकोनी. सूर्यसुद्धा चौकोनी निघाला तेव्हा त्याला राहवलं नाही. म्हणाला, "अगं, इथे एखादं चाक तरी आहे का?"

ती म्हणाली की गोल काही मिळत नाही, पण पायऱ्या पायऱ्यांनी गोलासारखं बांधता येतं, लोक बांधतात. एवढं ऐकल्यावर तो थोडाच घर बांधत बसणार होता? घुमट बांधायचा ठरला.

पहिला प्रयत्न फसला. त्याने सगळ्या बाजू सारख्या लांबीच्या घेतल्या, कोपरे तिरके कापले आणि तयार झाला तो चांगला आठ कोनांचा नट. लेक तिकडे पोट धरून हसली. बाबा, आता याला पानाही बांधून द्या, म्हणाली. तो चिडला नाही. संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या फरशीवर बाटल्यांची बुचं मांडायला घेतली. एक फरशी म्हणजे एक ठोकळा. मधल्या फरशीवर लाल बूच, ते केंद्र. केंद्रावर दोरीचं एक टोक धरून बायकोला दुसरं टोक फिरवायला सांगितलं, आणि दोरीच्या आत जिचा मध्य येईल ती फरशी घ्यायची असं ठरवून कडेकडेने बुचं ठेवत गेला. बायको म्हणाली की या वयात माणसं नातवंडांना खेळवतात, आणि इथे मी बुचांवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून पोळ्या लाटतेय. पण दोरी तिने नीट ताणून धरली होती.

तेव्हा त्याला गोम कळली. गोल हा सारखा वळत नाही. निदान ठोकळ्यांत तरी नाही. माथ्यावर पाच बुचं सरळ रेघेत आली, मग एक पायरी उतरून दोन, मग एकच, मग दोन उभी, आणि बाजूला पुन्हा पाच उभी. पाच, दोन, एक, दोन, पाच. हेच चारी अंगांना फिरवलं की लांबून पाहणाऱ्याला गोल दिसतो. घुमटालाही हीच चाल. खाली भिंत बराच वेळ सरळ उभी राहते, आत झुकायचं नावच घेत नाही, आणि वर पोचल्यावर एकदम घाईघाईने मिटते. लेक म्हणाली की याचं सूत्र असतं, मी पाठवते. तो म्हणाला पाठव, पण आमचं बुचांवर चाललंय.

त्या जगात त्याला एक सुख सापडलं, आणि ते त्याने कोणालाही सांगितलं नाही. तिथे हात कितीही थरथरला तरी ठोकळा आपल्या चौकटीतच बसायचा. तिरका नाही, अर्धा नाही, केसभर इकडे तिकडे नाही. फार तर शेजारच्या चौकटीत पडायचा, मग तो काढून पुन्हा ठेवायचा. लोखंड असं पुन्हा ठेवता येत नाही. एकदा जास्त निघालं की गेलं. कितीतरी दिवसांनी तो काहीतरी छाती न धडधडता करत होता, आणि झालेलं काम बरोबर होतं. थर चढत गेले तसा त्याच्या मनाने त्यातून भलताच अर्थ काढला. हात खरंच बिघडला असता तर हे जमलं असतं का? त्याने स्वतःलाच पास करून टाकलं.

कारखान्यात मात्र गोष्टी वेगळ्या चालल्या होत्या. शेवटचा काप घेताना हत्यार पुढे सरकवायचं चाक जरा जास्त फिरायचं आणि जॉब लहान व्हायचा. त्याचे जॉब तपासणीला जाण्याआधी मित्र ते गुपचूप मोजायचा, बिघडलेले आपल्या मशीनच्या कचऱ्यात ढकलायचा. दोघांमध्ये याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं. मग एके दिवशी शाफ्टला पॉलिश करताना, फिरत्या शाफ्टवर धरलेली पॉलिश पेपरची पट्टी त्याच्या बोटांत नीट राहिली नाही. ती शाफ्टभोवती गुंडाळली गेली आणि त्याच्या हातातून हिसकावली गेली. बोट गेलं नाही, एवढंच. मित्राने धावत येऊन मशीन बंद केलं आणि नळावर हात धुवायच्या निमित्ताने त्याला बाजूला घेतलं.

"इतके दिवस तुझी नोकरी सांभाळत होतो," तो म्हणाला. "बोटं मला सांभाळता येणार नाहीत. तू सांगतोस फोरमनला, की मी सांगू?"

मायक्रॉन म्हणाला की पट्टी जुनी होती. मित्राने ती पट्टी उचलून उजेडात धरली. नवी कोरी होती.

हा शनिवार होता. सोमवारी तसल्याच शाफ्टांची अख्खी खेप यायची होती.

रविवारी सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर लॅपटॉपसमोर बसला. घुमटाचा माथा तेवढा बंद व्हायचा राहिला होता. लेक पलीकडच्या कडेवर उभी राहून ठोकळे लावत होती, तो अलीकडून. बोलणं नेहमीसारखं चाललं होतं, म्हणजे तिच्या घरमालकिणीची मांजर, तिच्या ऑफिसातला एक जण जो स्वतःची चूक नेहमी दुसऱ्याच्या नावावर टाकतो. शेवटचे ठोकळे बसले. त्याने विचारलं, कसा झालाय. छान झालाय म्हणाली. आणि मग म्हणाली, "बाबा, तुमचा माणूस सारखी मान का हलवतो?"

त्याला प्रश्नच कळला नाही. तिने समजावून सांगितलं. माउस हलला की आपल्या माणसाची नजर हलते, आणि समोरच्याला त्याची मान हललेली दिसते. तुम्हाला स्वतःला ते दिसत नाही, फक्त मला दिसतं. बरेच दिवस दिसतंय. आधी वाटलं माउस खराब आहे, म्हणून तर नवा पाठवला.

तो म्हणाला नेट खराब आहे.

"नेट खराब असतं तर मान थांबून थांबून हलली असती," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता, कामाच्या ठिकाणी वापरत असेल तसा. "एक करा. माउस सोडा. हात मांडीवर ठेवा."

त्याने सोडला.

"आता स्थिर आहे. आता धरा."

त्याने धरला. तो स्क्रीनकडे बघत राहिला. त्याच्या बाजूने काहीच वेगळं दिसत नव्हतं, चित्र जरासं डुचमळत होतं, पण ते तर नेहमीच डुचमळायचं. गेमच तसा आहे असं तो समजून चालला होता.

"सोडा परत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बाबा, माउस चांगला आहे."

हिच्यापुढे वाद घालायला जागा नव्हती. मशीन आवाज करायला लागलं की तो स्वतः हेच करायचा. एक भाग सोडायचा, बघायचं, जोडायचा, बघायचं. दोष कुठे आहे ते दोनदा तपासून सांगितल्यावर मशीनने तक्रार करायची नसते. तरी तो चिडला. गेम खेळायला बोलावतेस की माझी तपासणी करायला, असं काहीबाही बोलला. घरात कोणाला काही दिसलं नाही आणि तुला इतक्या लांबून दिसतंय का, असंही म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी होती. फोन स्पीकरवर होता. "मला दिसलंय," ती म्हणाली. "उगाच अर्धा कप चहा देते का मी तुम्हाला?"

त्याला वाटत आलं होतं की ही दुधात काटकसर करते. एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि तिने ऐकून घेतलं होतं.

त्याने लॅपटॉप मिटला नाही, फोनही ठेवला नाही. तिकडून लेकीचा श्वास ऐकू येत होता. घुमटाच्या माथ्यावर तिचा चौकोनी माणूस त्याच्या माणसाकडे तोंड करून उभा होता. तिने विचारलं की कारखान्यात माहीत आहे का. त्याने शनिवारची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, पट्टी नवी होती हेसुद्धा. उद्या मशीन सुरू करू नका, एवढंच ती म्हणाली.

सोमवारी शाफ्टांची खेप वेळेवर आली. पोरांनी ती त्याच्या मशीनपाशी रचून ठेवली. मित्र आपल्या मशीनवर पाठमोरा उभा होता, पण त्याचं मशीन बंद होतं. मायक्रॉनने कापडाने लेथ पुसला, चक पुसला, आणि बटणाकडे न जाता सरळ फोरमनच्या टेबलाशी गेला. काय बोलायचं ते त्याने येताना जुळवलं होतं, पण तिथे पोचल्यावर ते सगळं लांबलचक वाटायला लागलं. टेबलावरचा मायक्रोमीटर त्याने उजव्या हाताने उचलला आणि फोरमनसमोर हवेत धरला.

फोरमन मायक्रोमीटरकडे बघत राहिला. आजूबाजूची दोन मशीनं थांबली.

"कधीपासून?" फोरमनने विचारलं.

"बरेच दिवस."

फोरमनने त्याच्या हातातून मायक्रोमीटर घेऊन खाली ठेवला. उद्या डॉक्टरकडे जाऊन या म्हणाला, आज स्टोअरमध्ये बसा, मालकांशी मी बोलतो. पुढे काय, ते त्याने सांगितलं नाही, आणि मायक्रॉननेही विचारलं नाही. मित्र येऊन नुसता शेजारी उभा राहिला आणि मग आपल्या कामाला गेला.

स्टोअरच्या खिडकीतून कारखाना दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. दुपारी त्याचा लेथ सुरू झाल्याचं त्याला आवाजावरून कळलं. कोण उभा आहे ते कळेना, पण जो कोणी होता तो हत्यार फार जोरात पुढे ढकलत होता. लोखंड किंचाळत होतं. मायक्रॉन उठून दारापर्यंत गेला. तिथून परत फिरला, खोक्यावर बसला आणि डाव्या हाताने लेकीला फोन लावला.

तिने पहिल्याच रिंगला उचलला. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय, असं त्याने सांगितलं. तिने विचारलं, मी येऊ का. आजवर या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असायचं, तू कशाला धावपळ करतेस.

"ये," तो म्हणाला.

बाहेर किंचाळणं चालूच होतं.