रिकामी टाकी

शाळेत त्यांना सगळे हवाबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. विज्ञानाच्या पुस्तकात वातावरणाचा धडा जेमतेम चार पानांचा, पण बाई तो पंधरा दिवस पुरवायच्या. "पृथ्वीचा कांदा धरला, तर सगळी हवा म्हणजे त्याचं वरचं पातळ साल," असं सांगायच्या. "त्यातही सगळ्यात खालच्या थरात ढग, वारा, पाऊस आणि आपली भांडणं. त्याच्या वरच्या थरात ओझोन, तो उन्हातले घातक किरण अडवतो. आणखी वर गेलात तर हवा विरळ होत होत संपतेच." मग पालथा ग्लास पाण्यात दाबून दाखवायच्या. पाणी आत शिरायचं नाही. "याला रिकामा म्हणेल त्याला बाकावर उभा करीन!" त्या शब्दाचा त्यांना भारी राग.

आणि त्याच शब्दाने त्यांचा धाकटा भाऊ नेला.

भाऊ खाद्यतेलाच्या कारखान्यात टाक्या धुवायचा. तेल खवट होऊ नये म्हणून तिथे टाकीत नायट्रोजन सोडत. त्या दिवशी तेल काढून घेतलं, टाकीला 'रिकामी' अशी पाटी अडकवली, झाकण उघडलं आणि याला म्हणाले, उतर. तो शिडीने उतरू लागला आणि तळाशी पोचायच्या आत कोसळला. ना ओरडला, ना खोकला.

मॅनेजरने चौकशीआधीच निकाल देऊन टाकला, पिऊन उतरला होता, तोल गेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! लोकांनाही ते पटकन पटलं, कारण भाऊ प्यायचा. नाही कोण म्हणतं? सुट्टीच्या आदल्या रात्री घरात बसून प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचं तोंड चुकवत फिरायचा. बाईंनी त्याला त्यावरून कमी फैलावर घेतलं नव्हतं. पण कामावर त्याने कधी थेंबाला शिवलं नाही. आता भेटायला आलेली माणसंसुद्धा भावजयीपुढे हळहळायची आणि दाराबाहेर पडल्यावर माना हलवायची. एक दिवस भाची शाळेतून रडत आली. "आत्या, बाबा दारूने मेले का गं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौकशीच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून त्या कारखान्यात हजर झाल्या आणि धापा टाकत लोखंडी जिना चढल्या. वर टाक्यांच्या झाकणांपाशी निरीक्षकसाहेब, मॅनेजर आणि चार कामगार उभे होते.

"बाई, तुम्हीच तर हे शिकवता," मॅनेजर साखर पेरत म्हणाला. "हवेत पाऊण हिश्श्याहून जास्त नायट्रोजनच असतो. आपण रोज तोच आत घेतो. त्याने माणूस मरेल कसा?"

"आणि उरलेल्याचं काय?" बाईंचा आवाज चढला. "शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन असतो, त्याचं काय? पृथ्वी नवी होती तेव्हा तो हवेत नव्हताच हो! ज्वालामुखींनी वाफ ओकली, कार्बन डायऑक्साइड ओकला, हा तुमचा नायट्रोजन ओकला. वाफेचे समुद्र झाले. मग त्या पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या जिवांनी कोट्यवधी वर्षं उन्हात राबून ऑक्सिजन साठवला. तो तुम्ही एका नळीने हाकलून दिलात, आणि वर पाटी लावलीत रिकामी! विष नव्हतं त्या टाकीत. श्वास नव्हता!"

"हे सगळं पुस्तकी झालं. तो प्यायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

बाई दोन पावलं पुढे गेल्या. शेजारच्या टाकीवरही तशीच पाटी होती. "हीसुद्धा रिकामीच ना?"

"रिकामीच."

"मग उघडा झाकण."

निरीक्षकांनी मान हलवली, तसं एका कामगाराने झाकण उघडलं. बाईंनी पिशवीतून दोरी बांधलेला डबा काढला, त्यातली मेणबत्ती पेटवली आणि डबा आत सोडला. तो हातभर खाली गेला नाही तोच मेणबत्ती विझली. त्यांनी ती वर ओढून पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा विझली.

विझलेली मेणबत्ती त्यांनी मॅनेजरच्या नाकासमोर धरली.

"ही पण पिऊन उतरली होती का हो?"