गुळाचा कागद

मुलगा झोळीत गार पडला तेव्हा मी गुळाचा कागद वाचत होते.

बहात्तरच्या दुष्काळात निलंग्याकडे रस्त्याच्या खडीचं काम निघालं होतं. बाया बाभळीला लुगड्याची झोळी बांधून लेकरं निजवत आणि दगड फोडायला बसत. मी कंधारकडची, चौथी पास. तिथल्या दुसऱ्या कुणाला अक्षर येत नव्हतं. दुकानातून गूळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा दुपारच्या सुटीत कुणीतरी माझ्या मांडीवर टाकायचं.

"वाच गं, काय लिव्हलंय?"

"सोन्याचा भाव लिव्हलाय."

"मग घे की तोळाभर. सुकडीत कालवून खाऊ."

सुकडी म्हणजे कामावर वाटायचे ते गोड पीठ. बाया हसल्या, उठून दगडांकडे गेल्या. मी मागची बाजू वाचत बसले. खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी वाचतच नव्हते. लग्नात पाटी-पुस्तक सुटलं, त्यानंतर हातात येणारं छापील असं तेवढंच होतं. मुलगा गप होता. झोप लागली असं वाटलं. मग झोळीत हात घातला.

तो आठ महिन्यांचा होता. दोन दिवस जुलाब चालले होते. सासूबाईंनी सांगितलं होतं, पाणी बंद कर, वरून घातलं की खालून जातं. आमच्याकडे सगळ्याच तसं करत. मीही केलं. त्या दिवशी सकाळी तो माझ्या ओल्या पदराचं टोक चोखत होता. ते मी त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

त्याला पुरून आल्यावर सासूबाई दारात बसून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कागदानं लेकरू खाल्लं." मलाही ते पटलं. कणगीमागं जपून ठेवलेले सगळे तुकडे मी चुलीत घातले.

पुढं दहा वर्षं मी छापील काही हातात घेतलं नाही. मुलाच्या मागून झालेली थोरली मुलगी शाळेत जायला लागली. धडा घेऊन यायची, "आई, हे काय गं?" मी पाठ फिरवून म्हणायची, "मला न्हाई येत."

मग लातूर जिल्हा झाला. शाळेच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' पुसून तिथं 'लातूर' रंगवलं. घागर घेऊन जाताना मी ते वाचलं आणि चार पावलं पुढं गेल्यावर ध्यानात आलं की आपण वाचलं. घरी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटीला जुलाब लागले. ती वर्षाची होती. नर्सबाई दारात एक कागद देऊन पुढच्या गल्लीत गेली. थोरली घरात नव्हती, वाचायला मीच होते. पहिल्याच ओळीत होतं, बाळाचं पाणी तोडू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून घोटघोट पाजा. पाणी तोडलं तर बाळ सुकून दगावतं.

ती ओळ मी तीनदा वाचली. मग चुलीवर पाणी ठेवलं.

"बये, काय करायलीस?" सासूबाई म्हणाल्या. "पाणी न्हाई द्यायचं."

"यात लिव्हलंय, आत्याबाई. द्यायचं म्हणून."

"पुन्हा कागद?"

"हाव. पुन्हा कागद."

दोन दिवस चमच्यानं पाजत राहिले. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. तिसऱ्या दिवशी धाकटीनं माझ्या ताटातली भाकरी ओढली. तेव्हा मी सासूबाईंपाशी बसून तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला.

"माझी बी दोन गेली अशीच," त्या म्हणाल्या. "तवा कुणी वाचून दाखवलं न्हाई."

त्या संध्याकाळपासून मी थोरलीचा धडा घ्यायला बसले. वाचनानं मुलगा गेला नव्हता, हे मला कळलं होतं. कशानं गेला, तेही कळलं होतं. पदराचं टोक अजून आठवतं, त्याला वाचनाचा काही उपयोग झाला नाही.

मुलगा गेला. दोन्ही मुली जगल्या. मी अजून आहे.