ओव्हनमधली समई

आखातातून कायमचा परतताना दादाने ओव्हन आणला. मुंबईहून ट्रकने आला. हातखंब्याच्या वळणावर खोका उलटला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. रत्नागिरीच्या घरात त्याच्यासाठी वेगळी वायर ओढली गेली. आल्यागेल्याला दादा त्याचं दर्शन घडवी. "हा स्वतःच स्वतःला साफ करतो!"

"बरं झालं," आई म्हणाली, "आपलं आपण आवरणारा एक तरी पुरुष घरात आला."

त्याच्यासोबतचं पुस्तक मीच काय ते वाचलं. साफ करायला लावण्याआधी जाळ्या, भांडी बाहेर काढा. सांडलेलं तूप पुसून घ्या. खिडक्या उघडा. दाराला आपोआप कुलूप लागेल, निवल्याशिवाय सुटणार नाही. हे मी दादाला सांगितलं.

"अगो मास्तरीणबाई, यंत्राला शिकवू नकोस."

पुन्हा सांगितलं नाही. मूर्खांना दोनदा सांगू नये, असा तेव्हा माझा बाणा होता.

पुढच्याच वर्षी आई गेली. चौदाव्याला निधनशांत होती. त्या दिवशी आईचीच समई लावायची, असं मी ठरवलं होतं. माहेरून आणलेली, दीड वीत उंचीची. मान एकदा तुटली तेव्हा आईने तांबटाकडून शिशाचा डाग देऊन ती जोडून घेतली होती. दर शनिवारी ती आमसुलाने घासायची. तेराव्याच्या सकाळी मीही आमसुलं भिजत घातली आणि फुलं आणायला गेले. परतले तर स्वयंपाकघरात धूर, जुनं तेल जळल्याचा वास.

"वहिनी, समई कुठाय?"

"आत. हे म्हणाले, आपोआप साफ होईल. वन्सं, तुमचेच हात वाचले."

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. दादा दार ओढत राहिला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ते उघडलं नाही.

दुपारी उघडलं. तबकडी एकीकडे, दांडा दुसरीकडे, पितळ काळंनिळं. डागाचं शिसं थेंब होऊन तळाशी गोठलेलं. दादाने आधी ओव्हनच्या भिंती न्याहाळल्या.

"पण आतून बघ, कसा लख्ख झालाय!"

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या राशीवर नुसती तबकडी ठेवून मी वात लावली. चार वेळा घासूनही ती काळीच होती. गुरुजी म्हणाले, चालेल.

ओव्हनच्या तळाशी चिमूटभर राख उरली होती. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, असंही पुस्तकात होतं. मीच पुसली. त्या घरात पुस्तक वाचलेली मी एकटीच होते, आणि मी एकदाच सांगितलं होतं.