डीडीटी आणि हवालदारांचे कोळी

"साहेब, लवकर चला. हवालदाराच्या घरात औषध बाधलंय."

शाळेच्या ओट्यावर आम्ही फवारणीचे पंप धूत होतो. निरोप आणणारा त्यांच्या शेजारचा सुतार होता आणि धापा टाकत होता. मी हिवताप खात्यात सुपरवायझर. इस्लामपूरजवळच्या त्या गावात आदल्या दिवशी आम्ही घरोघर डीडीटी मारली होती. हवालदारांच्या घरात माणसं दोनच, मारुती हवालदार आणि त्यांची बायको हौसाबाई. दोघांपैकी कोण, एवढंच डोक्यात ठेवून मी पळालो. आपली नोकरी गेली, हेही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

हौसाबाई उंबऱ्यावर बसून रडत होत्या. म्हणजे हवालदार गेले, असं मी धरून चाललो. आत पाहतो तर हवालदार धडधाकट, एका काचेच्या पेटीवर वाकलेले. मरायला टेकला होता तो त्यांचा कोळी.

आता थोडं मागचं सांगतो.

सत्तर सालानंतर हिवताप परत उसळला होता. डास माणसाला चावला की भिंतीवर जाऊन बसतो. भिंतीवर डीडीटी असली की मरतो. म्हणून आम्ही घराच्या आतल्या सगळ्या भिंती फवारायचो. लोक कुरकुर करायचे, देवघर सोडा म्हणायचे. हवालदार म्हणाले, "देवघर मारा. पर ही खोली न्हाई." आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं.

कोनाड्यात सुताराकडून करून घेतलेली एक पेटी होती. पुढं काच, वर बारीक जाळी, खाली ओलसर माती, आत नारळाची करवंटी. करवंटीखालून माझ्या पंजाएवढा केसाळ कोळी बाहेर आला. मी दोन पावलं मागं सरलो आणि उंबऱ्याला अडखळून पडलो. किडे मारणं हाच माझा धंदा, पण असलं जनावर कुणी हौसेनं पाळतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"टारँटुला म्हंत्यात," हवालदार म्हणाले. "पल्टनीत आसामला आमचा डाक्टर पाळायचा. त्येच्याकडनं शिकलो. ही मादी शिराळ्याच्या डोंगरात घावली. जरा बघा, पोटाशी काय हाय."

मादीनं लिंबाएवढी पांढरी पिशवी धरली होती. तिच्यात अंडी. नर आणून जोडा लावणं म्हणजे जिवाशी खेळ, मादी नरालाच खाते. मागच्या दोन खेपांना पिशवी झाली, पण एकदा बुरशी आली आणि एकदा मादीनंच खाल्ली. औंदा पिलं बघायचीच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

आमचे साहेब त्याच दिवशी सांगलीहून जीपनं आले. त्यांना कव्हरेज शंभर टक्के हवं होतं.

"खोली का सोडली? आपण इन्सेक्ट मारायला आलोय, वाचवायला नाही."

"सर, कोळी इन्सेक्टमध्ये येत नाही. त्याला आठ पाय असतात."

"मला पाय मोजायला लावू नका," म्हणत साहेब आत गेले. लगेच बाहेर आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "ती खोली राहू द्या."

मी हवालदारांना बजावलं, गावातला एकही किडा हिला घालू नका, किड्याच्या अंगावरचं औषध हिच्याही पोटात जाईल. ते म्हणाले, "म्हाईत हाय. लांबच्या रानातनं नाकतोडं आणीन. आन् अंड्यावर असताना ती सहसा खात न्हाई."

हौसाबाईंना मी काही सांगितलं नाही. त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. "ह्यो माणूस माझ्यापरीस त्या किड्याशी जास्त बोलतो," असं त्यांनी मला फवारणीच्या वेळीच ऐकवलं होतं.

मग हे घडलं कसं? ते हौसाबाईंनीच रडत रडत सांगितलं. नवरा त्या दिवशी सकाळी पेन्शनीला इस्लामपूरला गेला. घरात कुणी नाही म्हणून त्यांनी पहिल्यांदाच नीट डोकावून बघितलं. "लेकरं पोटाशी धरून बसली व्हती. बाळंतीण उपाशी ऱ्हाती व्हय कुटं? माझं मन न्हाई ऱ्हायलं." शेजारच्या परड्यात डीडीटी लागलेली झुरळं उताणी पडून पाय झाडत होती. आयतीच सापडली. त्यांनी चिमट्यानं उचलून एक पेटीत टाकलं. वळवळ बघून मादीनं ते धरलं.

मी पेटीत पाहिलं. मादीचे आठही पाय आठ दिशांना झटके देत होते. पिशवी बाजूला पडली होती.

"साहेब, ह्येच्यावर उतारा हाय का?" हवालदारांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? आम्ही मारायला शिकलेलो.

मला वाटलं, आता हा माणूस बायकोवर हात उगारतो की काय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "येवढ्या वर्सांत तू पैल्यांदा तिला जेवू घातलंस गं." त्यावर हौसाबाई जास्तच रडायला लागल्या. दिवेलागणीच्या आत मादी मेली. मला त्या जनावराची किळस वाटत होती, तरी त्या रात्री मी न जेवताच झोपलो.

पुढच्या फेरीला, काही महिन्यांनी, मी शिव्या खायच्या तयारीनं त्या घरी गेलो. दारात हौसाबाई आडवा हात लावून उभ्या.

"हवालदार आहेत का?"

"रानात गेल्यात. थितंच थांबा. घरात बारकी लेकरं हायती."

मी चकित झालो. या वयात? तर त्या मला खोलीपाशी घेऊन गेल्या. कोनाड्यात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. तोंडाला मलमलीची फडकी बांधलेली आणि प्रत्येकीत मुगाएवढा एक कोळी. मेलेल्या मादीची ती पिशवी हौसाबाईंनी फेकली नव्हती. मादी पिशवी फिरवत राहते, नाहीतर अंडी चिकटून सडतात, हे नवऱ्याकडून विचारून घेतलं. मग फडक्याची झोळी करून ती ओल्या वाळूवर टांगली. चूल पेटवताना, धार काढताना, दिवा लावताना, दर खेपेला हलक्या हातानं फिरवली.

"कोंबडी न्हाई का अंडी हालवत? तसंच की. खायला वाळवी घालते. गावातली न्हाई, लांबच्या बांधावरची."

मी बघायला पुढं वाकलो तर त्यांनी दंडाला धरून मागं ओढलं. "आदी हात धुवा. साबनानं."

मी धुतले. त्यांनी माझे तळवे वास घेऊन बघितले आणि परत धुवायला लावले.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत औषधाची सूचना मी दारातल्या पुरुषाला देऊन थांबलो नाही. आत चुलीपाशी जाऊन घरातल्या बाईलाही देत राहिलो.